पोटातला पंचम जॉर्ज

पंचम जॉर्ज निकेशच्या पोटात गेला तो मंगळवारी, आणि पुढचा सोमवार उजाडला तरी बाहेर यायचं नाव घेईना.

जॉर्ज म्हणजे त्याचं तोंड छापलेली चवली, जुनं दोन आण्यांचं नाणं. दिव्यानीच्या सासूबाईंच्या, सुगंधाबाईंच्या गळ्यात चांदीच्या जुन्या चवल्यांची माळ होती. तिच्यातली एक कडीसकट निसटली आणि तीन वर्षांच्या नातवाने ती शेंगदाण्यासारखी गिळली. कोरपन्याचे डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत पडेल. दिव्यानीने सहा दिवस काडी घेऊन तपासलं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. ते असं कामी येईल असं तिच्या सरांनाही वाटलं नसेल.

आज चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. बरगड्यांच्या खाली पांढरी टिकली, वर बारीकशी कडी.

"आतड्यात आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कडी टोचायला नको. पाच वाजता परत फोटो काढू. जागची हलली नसेल तर भरती करून घेऊ. तोवर केळी द्या, पाणी पाजा, चालवा त्याला. शहर दाखवा."

म्हणून सकाळी दहा वाजता, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, हे कुटुंब एक डझन केळी आणि कालचा पेपर घेऊन ऐतिहासिक चंद्रपूर पाहायला निघालं.

दिव्यानीचा नवरा प्रफुल याने इथे दोन वर्षं आयटीआय केलं होतं, त्यामुळे शहर आपल्याच मालकीचं आहे असा त्याचा समज होता. "चाल, तुले जटपुरा गेट दाखवतो."

"शंभरदा पाह्यलं मी."

"बसमधून पाह्यलं. पायी नाई."

जटपुरा गेटवर प्रफुलने हत्तीवर चढलेला दगडी सिंह दाखवला. सगळे वर पाहत होते. दिव्यानी निकेशच्या तोंडाकडे पाहत होती. निकेशने केळं खाल्लं, सिंहाला टाटा केला. बाकी काही नाही. सुगंधाबाईंनी हात जोडले.

"माय, तो देव नाई," प्रफुल म्हणाला.

"नसू दे. हात जोडाले काय तिकीट लागते?"

अंचलेश्वराच्या देवळात दुसरं केळं झालं, गोंडराजाच्या समाधीपाशी तिसरं. दिव्यानीला कमानी दिसत नव्हत्या की नक्षी दिसत नव्हती. जिथे जाईल तिथे ती आधी आडोसा पाहायची आणि मग पाणी. राजांनी शहराभोवती एवढा थोरला परकोट उभारला, वेशी ठेवल्या, खिडक्या ठेवल्या. पण लेकराला बसवायचं कुठे, याचा विचार एकाही राजाने केलेला दिसत नव्हता.

"काऊन तोंड पाडून राह्यली?" प्रफुल म्हणाला. "पोट्टं तं मजेत आहे."

"त्याले काय माहीत पोटात काय आहे ते."

"माह्यीच चूक झाली," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. कडी सैल झाल्याचं सुनेने तीनदा सांगितलं होतं. दिव्यानी चौथं केळं सोलू लागली. सहा दिवस ती हेच न बोलणं बोलत होती.

तीन वाजले. आता दोनच तास उरले होते. परकोटाबाहेर झुडपांत गोऱ्या साहेबांच्या दोन-तीन जुन्या कबरी होत्या. तिथे प्रफुलने त्यांना आणलं. पलीकडे सुरेंद्र नावाचा एक गाईड, गळ्यात ओळखपत्र अडकवून, कॉलेजच्या पोरापोरींना इतिहास सांगत होता. आणि चालता चालता निकेश थांबला. नजर एका जागी खिळली, कपाळावर आठी आली.

ही नजर दिव्यानीला ओळखू आली नसती तर ती आई कसली. "आई, पेपर."

"अवं, तिथी साहेब झोपला आहे," प्रफुल कुजबुजला.

"झोपू दे. दोनशे वर्षांत नाही उठला, आज काय उठते?"

सुगंधाबाईंनी पेपर अंथरला. "बरोबर जागा आहे. त्याचाच राजा अडकला आहे पोटात." मग कबरीकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुमचा माणूस घेऊन जा बापा."

निकेश आईचे दोन्ही हात धरून बसला. कबरीच्या पलीकडून सुरेंद्रचा आवाज येत होता, "इंग्रजांनी वेढा घातला. आतल्यांनी दाद दिली नाही. तोफा सुरू झाल्या." निकेश लालबुंद झाला. "परकोट हलेना," सुरेंद्र म्हणाला. दिव्यानीने श्वास धरला. "आणि शेवटी, मित्रांनो, भगदाड पडलं."

दिव्यानीने काडी घेतली. पहिल्याच फेरीत काहीतरी कडक लागलं. काळी पडलेली, बोटाच्या नखाएवढी चवली. पण कडी? तिने काडीने चवली उलटवली. कडी होती, वाकलेली, पण चिकटून. तिने तिसऱ्यांदा पाहून खात्री केली आणि मग चवली सासूबाईंकडे सरकवली.

सुगंधाबाईंनी बाटलीतलं घोटभर पाणी ओतून चवली धुतली, पदराला पुसली. तेवढ्यात सुरेंद्र तिथे आलाच.

"मावशी, काय सापडलं?"

"चवली."

"इथी? कबरीजवळ?"

"इथीच. आत्ताच निघाली."

त्याने ती तळहातावर घेतली. "पंचम जॉर्ज," तो पोरांकडे वळून म्हणाला. "पाहा, इतिहास पायाखाली असतो. चांदी खरी की खोटी, ते आपले जुने लोक कसं ओळखत?" आणि त्याने चवली दातांत धरली.

प्रफुलचं तोंड उघडं राहिलं. दिव्यानीला बोलता आलं असतं. निकेशच्या हातून खाली पडलेलं बिस्कीटसुद्धा ती हिसकावून घेणारी बाई. पण सहा दिवसांचं काहीतरी आतून सुटलं आणि ती साहेबाच्या कबरीवरच बसली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने तो झटकला नाही.

"ताई काऊन हासून राह्यल्या?" सुरेंद्रने विचारलं.

"काही नाई, भाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "चांदी खरी आहे नं?"

"अस्सल."

"मंग आण इकडं."