बर्फातले लाड

सत्त्याऐंशी साली ज्याच्या घरी दोन दारांचा फ्रिज यायचा तो महिनाभर पाहुण्यांना मुद्दाम थंड पाणी पाजायचा. सुर्व्यांकडे तर दोन फ्रिज आले. एक बोरिवलीला, थोरल्या जयवंतकडे. लगेच पुढच्या महिन्यात दुसरा घाटकोपरला, धाकट्या चंद्रप्रकाशकडे. जावाजावांची चढाओढ, दुसरं काय! मग वरच्या कप्प्यात स्टेशनजवळच्या दुकानातली गोठवलेली पाकिटं येऊन पडली: मटार, कटलेट, बटाट्याचे पराठे. थोरली जाऊ सुलक्षणा आणि धाकटी कुंदा, दोघीही नोकरी करणाऱ्या, संध्याकाळी जीव मेटाकुटीला आलेला असायचा. पाकिटं आणली म्हणून त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. नावं ठेवण्यासारखं त्यांनी पुढे भरपूर केलं.

सासू वनमालाबाई. त्यांचा नवरा गिरणीत होता. संपात गिरणी बसली, तिच्यामागोमाग नवराही गेला, आणि तेव्हापासून बाईंची पाळी लागली. एक महिना बोरिवली, एक महिना घाटकोपर. घरात नळाची पाळी असते, केराची असते, तशी आईची. एक तारखेला त्या लुगडी पिशवीत भरून दाराशी बसायच्या आणि न्यायला येणाऱ्याला उशीर झाला तर ठेवणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं.

बाईंना मधुमेह होता आणि साखर काही केल्या ताळ्यावर येईना. डॉक्टर वैतागले. "दर महिन्याला घर बदलतं, खाणं बदलतं, साखर राहणार कशी? दोन्हीकडे लघवी तपासत जा. जिथे साखर आटोक्यात राहील तिथे आजींना कायमचं ठेवा."

तपासणी घरातच व्हायची. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर संपलंच.

डॉक्टरांचं बोलणं बाईंना फार आवडलं. कायमचं एक घर! मग कुठलंही असो. आपली गादी रोज त्याच कोपऱ्यात पडेल, देवाची तसबीर एका खिळ्यावर राहील, एवढंच त्यांना हवं होतं. सुनांनाही डॉक्टरांचं बोलणं बरोब्बर कळलं. जिच्याकडे नळी निळी, तिच्या गळ्यात सासू.

घाटकोपरला कुंदाने आधी मटारची उसळ करून घातली. नळी जेमतेम हिरवी. दुसऱ्या दिवशी कटलेट. वरून पावाचा चुरा, आत बटाटा, तळून काढलेले. नळी पिवळी झाली. मग पराठे आले, सोबत गोड चहा, आणि नळी लालभडक. कुंदाने दिवा विझवला आणि नवऱ्याला हाक मारली. "बघ रे, आईंना आपल्याकडचं मानवतच नाही."

पुढच्या महिन्यात बोरिवलीत सुलक्षणाने तोच अभ्यास केला. फक्त ती जास्त हुशार, मटारात वेळ घालवला नाही. सरळ पराठ्यांपासून सुरुवात केली आणि वर बर्फातलं आंब्याचं आईसक्रीम.

आणि वनमालाबाई? त्या सुखावल्या होत्या. ज्या सुनांनी कधी दुसरी पोळी आग्रहाने वाढली नाही, त्या आता पुढ्यात बसून "घ्या ना आई, अजून एक" म्हणत होत्या. "साखर वाढतली गे," असं त्या एकदाच म्हणाल्या. "एका दिवसाने काय होतंय?" सुलक्षणा म्हणाली. शेजारच्या शकूला बाईंनी कौतुकाने सांगितलं, "माझ्यो सुनो आता माका मायेन करतत." पायाला मुंग्या येत होत्या, डोळ्यांपुढे धुरकट दिसत होतं, पण माया मिळते आहे म्हटल्यावर माणूस मुंग्या मोजत बसत नाही. त्या भोळेपणाची मला अजून चीड येते.

ठरल्याप्रमाणे एका रविवारी सगळे बोरिवलीत जमले. कुंदाने तिच्याकडचा रंग सांगितला, लाल. सुलक्षणाने सांगितलं, लाल. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू मुद्दाम पराठे चारलेस त्यांना," सुलक्षणा म्हणाली.

"आणि तू आईसक्रीम! आईंनीच सांगितलं मला. मला काय येडी समजतेस?"

"मग मी एकटीनेच का आयुष्यभर ओढायचं?"

जयवंत "हळू बोला" म्हणाला. फार उशिरा म्हणाला. बाई दाराशीच बसल्या होत्या.

"म्हंजे माका ठेवूक नको, म्हणान खावक घालीत होतात?"

मग चंद्रप्रकाश म्हणाला, "तसं नाही गं आई," आणि नळी उचलून आत ठेवायला गेला.

निकाल मात्र लागला. दोन्ही घरं मानवत नाहीत, म्हणजे तिसरी जागा बघणं आलं. आरे कॉलनीच्या पलीकडे एका ट्रस्टचा वृद्धाश्रम सापडला. तिथे सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी दुधी, रात्री मुगाची आमटी. महिन्याभरात नळी निळीशार झाली. मुलं भेटायला आली तेव्हा आश्रमाच्या डॉक्टरांनी नळीच उंचावून दाखवली. जयवंतचा चेहरा असा खुलला, की जणू आईला बक्षीस मिळालं.

"इथलं तुला मानवलं बघ आई. आता इथून हलायचं नाही."

बाईंना एक खोली, एक खाट, एक खिळा मिळाला. पण मुलगा नाही, नातवंडं नाहीत. रात्र रात्र त्या रडल्या. मग त्यांनी साध्या हिशोबाने विचार केला. इथे निळं म्हणून इथे ठेवलं. इथे लाल झालं, की इथूनही काढतील. कुठेतरी घरी नेतील, निदान पाळीने तरी. पाळीचाही त्यांना आता लोभ वाटायला लागला.

चहाच्या वेळी त्या स्वयंपाकघरातून साखर उचलून पदरात बांधू लागल्या. मुठीने खायच्या, वर पाणी प्यायच्या. आठवड्यात तहान वाढली, टाचेला जखम झाली ती भरेना, आणि नळी एकदाची लाल झाली. बाईंना हसू आवरेना.

"कमल, माझ्या झिलाक फोन कर. सांग, आवशीक हयसर मानवत नाय."

कमल तिथली आया. तिने नळी धुतली आणि उपडी ठेवली.

"आजी, तुमच्या दोन्ही मुलांनी ऑफिसात लिहून दिलंय. साखरेसाठी फोन करायचा नाही. काही बरंवाईट झालं, तरच करायचा."

बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. कमल गेल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली आणि उरलेली सगळी साखर तोंडात टाकली.