भिजलेली ढाल

बनुबाईंनी ढालीला आंघोळ घातली ती काही वाईट मनानं नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी अख्ख्या वाघदऱ्यानं त्या म्हातारीला नाही नाही ते ऐकवलं, आणि ऐकवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात कधी ढाल हातात धरली नव्हती.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, झालंच तर मोटारसायकल. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं. रंगनाथ वस्तादांच्या घरी मात्र तालमीची हत्यारं निराळी. तलवारी, दांडपट्टा, कड्यांचं चिलखत आणि म्हशीच्या कच्च्या कातड्याची, पुढं चार पितळी फुलं ठोकलेली काळी ढाल. त्यांची पूजा वस्ताद एकटे करायचे, दार लोटून. बायकांनी हात लावायचा नाही, असा दंडक. यंदा वस्तादांचा उजवा खांदा पार गेलेला, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती ढाल घेऊन मैदानात उतरणार होती त्यांची सून सविता. बनुबाईंना वाटलं, सून ढाल धरणार, मग आपण हात लावला तर काय आभाळ कोसळणार आहे? हौसेनं त्यांनी ढाल खुंटीवरून काढली. शिकेकाई लावून घासली. काळा थर काही निघेना, म्हणून सोडा टाकलेल्या कढत पाण्यात, घंगाळात बुडवून ठेवली. ती दसऱ्याच्या सकाळी बाहेर काढली.

कच्चं कातडं ते. त्याला पाणी म्हणजे वैरी. इतकी वर्षं जवसाचं तेल पाजून पाजून दगडासारखी केलेली ढाल भिजल्या पापडासारखी लोळायला लागली. मागची मुठीची कडी उपसून हातात आली.

सविता गोठ्यातून धार काढून आली आणि जागीच थिजली. "आत्याबाई, हे काय केलंत?"

"चांगली धुतली गं. लई मळ हुता तिच्यावर."

"मळ न्हाई वो, तेल हुतं ते!"

ओसरीवरून वस्ताद उठून आले. त्यांनी ढालीकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडून शिवी गेली. बायकोला त्यांनी अक्कल नाही म्हटलं, घर बुडवलं म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. बनुबाई आधी रडल्या. मग पदरानं नाक पुसलं आणि एकदम ताठ झाल्या.

"चाळीस वर्षं तुमी मला तिला हात लावू दिला न्हाई. काय करायचं, काय न्हाई, कधी सांगितलं? आता मला कळणार कुठून? सपनात येऊन सांगनार हुती का ढाल?"

वस्ताद खाली बसले. सविताला मनातून इतकं बरं वाटलं, की घटकाभर ती ढालीचं दुःखही विसरली.

पण दुःख होतंच. त्या ढालीवर काय लटकलं होतं ते सांगतो. वाघदऱ्याची तालीम कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. ती वस्तादाच्या ताब्यात असते, आणि वस्ताद थकला की दसऱ्याला गावाच्या वेशीबाहेर मैदानात निकाल लागतो. वस्तादाच्या घरचा एक गडी आणि दावा सांगणारा एक गडी. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात गदका, म्हणजे कातडं गुंडाळलेली जाड काठी. हलगी वाजली की हल्ला सुरू, थांबली की बंद. असे तीन हल्ले. ज्याची ढाल भुईला टेकली तो हरला. कुणाचीच टेकली नाही, तर तालीम वस्तादाच्या घरातच राहते.

यंदा दावा सांगितला होता गोरक्षनं. वस्तादांचाच पुतण्या. केडगावात त्याचं दुकान, जुन्या काळचे पोशाख भाड्यानं द्यायचं. मिरवणुकांत, सोहळ्यांत तो पोरं घेऊन लढाया करून दाखवायचा. गडी हुशार, अंगात चपळाई, बोलण्यात गोडी. पण त्याच्या लढाईत कोण कितव्या मिनिटाला मरून पडणार हे आधीच ठरलेलं असायचं, आणि पडणारा पोरगा पडल्यावर मोबाईलकडं बघून हसायचा. गोरक्षला तालीम हवी होती ती चित्रीकरणाला. आणि एक गोष्ट त्यानं पारावर बसून उघड सांगितली होती, "तालीम माझ्याकडं आली की पयलं काम, गोठ्यातला तमाशा बंद."

गोठ्यातला तमाशा म्हणजे सविताच्या अकरा पोरी. तालमीच्या मातीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, म्हणून सवितानं गोठ्यातल्या गाई पलीकडं बांधून तिथं गावातल्या पोरींना पवित्रे शिकवायला सुरुवात केली होती. ती स्वतः शिकली तीही तिथंच. खांदा दुखायला लागल्यापासून वस्तादांना पोरांना डाव दाखवायला कुणीतरी हात हवा होता, आणि घरात रिकामा हात सुनेचाच होता. नवरा ज्ञानेश्वर कोपरगावच्या बाजूला साखर कारखान्यात, त्याला गदक्यापेक्षा बॉयलर प्यारा. वस्ताद गोठ्यातल्या खाटेवरून सांगायचे, सविता करायची. सहा वर्षांत तिचा हात असा बसला, की वस्तादांनीच एक दिवस म्हटलं, "दसऱ्याला घरचा गडी तूच." गावानं नाकं मुरडली. पण घरचा गडी बाईमाणूस नसावा असं कुणी कधी सांगून ठेवलं नव्हतं. ते सांगायची वेळच आली नव्हती ना.

"आता गं?" बनुबाईंनी विचारलं. "दुसरी ढाल?"

दुसरी ढाल होती ती गोरक्षच्या दुकानात, आणि त्याच्या दारात जाण्यापेक्षा सवितानं विहीर जवळ केली असती. ती ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागली. मग वस्तादांपुढं उभी राहिली.

"मामा, पूर्वी समद्यांकडंच ढाल असायची का वो? गरीब गडी काय करायचा?"

वस्तादांनी मान वर केली. बायकोच्या बोलण्यानं ते अजून भाजलेलेच होते. "गरीब गडी अंगावरचं घोंगडं डाव्या हाताला गुंडाळायचा," ते म्हणाले. "पर त्यात मार लागतो, पोरी. ढाल घाव परतवती. घोंगडं घाव पितं, आन् हाड खातं."

"खाऊंदे," सविता म्हणाली.

चार वाजता मैदान भरलं. आपट्याची पानं घेऊन आलेली माणसं, शाळेची पोरं, पारनेरहून आलेले पाहुणे, सगळे कडं करून उभे. गोरक्ष आला तो चकाकत. अंगात चिलखत, डोक्याला शिरस्त्राण, हातात आरशासारखी पोलादी ढाल. मिरवणुकीत उठून दिसावी म्हणून मुद्दाम जाड पत्र्याची करून घेतलेली. दोन पोरं मोबाईल धरून त्याच्या मागं. सविता आली ती नऊवारीचा घट्ट काष्टा घालून, डोक्याला मुंडासं बांधून, आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत काळी घोंगडी गुंडाळून.

आधी हशा पिकला. मग बातमी फुटली, म्हातारीनं ढाल धुतली. मग काय विचारता! कुणी म्हणालं म्हातारीला चळ लागला, कुणी म्हणालं बायकांच्या हातात दिलं की हेच व्हायचं. बनुबाई खाली मान घालून उभ्या.

"वैनी, ढाल कुठंय?" गोरक्षनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"हीच ढाल."

"ही घोंगडी हाय."

"मग घाबरता कशाला, भावजी? घोंगडीच तर हाय."

पोरी फिस्सकन हसल्या. गोरक्षच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चालंल," तो म्हणाला. "पर घोंगडीचं टोक जरी भुईला लागलं तरी हरलात. ऐकलं का समद्यांनी?"

"ऐकलं," सविता म्हणाली आणि टोक मुठीत धरलं.

आदिनाथ हलगीवाल्यानं हलगीवर काठी टाकली. पहिल्या हल्ल्यात गोरक्षनं तिला डोकंच वर काढू दिलं नाही. वरून घाव, बगलेत घाव, पुन्हा वरून. सविता प्रत्येक घाव हातावर घेत मागं सरत राहिली. ढालीवर घाव बसला की आवाज होतो, लोकांना मजा येते. घोंगडीवर बसलेला घाव मुका. फक्त तिलाच कळत होतं, कोपराखाली काय होतंय ते. हलगी थांबली तेव्हा तिची बोटं सुजायला लागली होती.

दुसऱ्या हल्ल्यात तिनं दोन घाव परत केले. एक त्याच्या चिलखतावर खणकन वाजला, दुसरा मांडीवर बसला. गोरक्ष कळवळला. गर्दीतलं हसणं आता थांबलं होतं.

तिसऱ्यात तो चिडून आला आणि तिच्या पायांवर वाकला. तिथंच तिनं मुठीतलं टोक सोडलं. लोक पुढं झुकले, आता लागतंय भुईला. पण टोक खाली गेलंच नाही. हवेतच फिरलं, गोरक्षच्या गदक्याभोवती वेढा बसला, आणि सवितानं असा हिसडा दिला की गदका चार हात लांब जाऊन पडला. आदिनाथही वाजवायचं विसरला. गोठ्यातल्या अकरा जणींनी जो गलका केला तो पार राळेगणच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल.

गोरक्ष रिकाम्या हातानं उभा. पण डोकं त्याचं अजून चालत होतं. "माझी ढाल टेकलेली न्हाई!" तो ओरडला.

"माजी बी न्हाई," सविता म्हणाली. "तीन हल्ले झाले. तालीम घरात राह्यली."

"कुनाच्या घरात? घरचा गडी म्हंजी घरचं रक्त. तुमी परक्या घरच्या. घरातून कुनी उतरलंच न्हाई, मंग तालीम माझी!"

गर्दीत कुजबुज झाली. दोघातिघांनी माना डोलावल्या. सवितानं त्या माना बघितल्या. बारा वर्षं या गावात तिनं धुणी धुतली, कांदे काढले, यांच्याच पोरांना पवित्रे शिकवले, आणि आज ती परक्या घरची! तिच्या डोक्यात सणक गेली. रडू आलं असतं तर तिनं स्वतःला माफ केलं नसतं, पण रडू आलंच नाही. तिनं घोंगडी पुन्हा आवळली, टोक मुठीत धरलं.

"आदिनाथदाजी, वाजवा."

"अगं, तीन झाले की."

"ह्यांना तीन पुरंना. चौथा वाजवा. मंग पाचवा वाजवा. भावजींना पटंस्तवर वाजवा. आज न्हाई पटलं तर उद्या येते. गदका उचला, भावजी."

एवढ्या गर्दीत मोबाईल समोर असताना गोरक्षला नाही म्हणता येईना. त्यानं गदका उचलला. चौथा हल्ला झाला. पाचवा झाला. ऑक्टोबरचं ऊन चिलखतावर तापत होतं, शिरस्त्राणाखालून घाम डोळ्यांत उतरत होता. मिरवणुकीतली लढाई तीन मिनिटांची, त्यानंतर चहा. इथं चहा नव्हता. इथं समोर एक बाई उभी होती, तिचा डावा हात लोंबायला आला होता तरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वाजवा."

सहावा. सविताच्या ओठातून रक्त आलं. आपल्यालाच सातवा झेपेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. पण हे गोरक्षला कळू द्यायचं नाही, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. ती हसली. दात रक्तानं माखलेले, तरी हसली.

"वाजवा, दाजी."

सातव्याला हलगी सुरू झाली. गोरक्ष दोन पावलं आला, थांबला, आणि त्याचा डावा हात आपोआप खाली गेला. त्यानं ढाल फेकली नाही, कुणी पाडली नाही. जड झालेल्या हातानं ती जरा टेकवली, जशी माणूस पाण्याचा हंडा टेकवतो, श्वास घ्यायला.

"टेकली!"

सगळ्यांच्या आधी ओरडल्या त्या बनुबाई. सकाळपासून खाली घातलेली मान वर करून, बोट दाखवून, घसा फाडून. "टेकली! बघा, टेकली! आता बोला की रं कुनी!"

गोरक्षनं ढालीकडं बघितलं, तिच्या काठाला लागलेल्या मातीकडं बघितलं. मग खुर्चीवर बसलेल्या चुलत्यापुढं गेला आणि वाकून मुजरा केला. हरलेल्यानं वस्तादाला मुजरा करायचा, ही रीत.

रंगनाथ वस्तादांनी पाय मागं घेतले. "माझ्याकडं न्हाई," ते म्हणाले. "वस्ताद तिकडं उभी हाय."

गोरक्ष वळला आणि सवितापुढं वाकला. सविता हलली नाही, मान तुकवली नाही, नको नको म्हणाली नाही. तिनं त्याचा मुजरा पुरता होऊ दिला.

"उद्या सकाळी सहाला," ती म्हणाली. "तालमीच्या मातीत, पोरींच्या बरोबरीनं. आन् भावजी, चिलखत घरी ठेवून या."