मायची सिरिंज

पेज! गिनी पिगले कोणी पेज पाजते का? आमच्या घरचा माणूस, खेमराज, पाजते. राइस मिलमधी जिंदगी गेली त्याची, त्याले वाटते दुनियेत जे काही बिमार पडते ते तांदळानंच उठते. ताप आला, पेज. पोट बिघडलं, पेज. आमच्या गिनी पिगनं, बंटीनं, खाणं सोडलं, तर मी तिरोड्याच्या बाजारात गेली तेवढ्यात ह्यानं नव्या तांदळाची पेज केली न सिरिंजनं त्याच्या पोटात घातली. बंटीचं पोट ढोलकीवाणी फुगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला बिचारा.

"मायले तर चालली होती ना," खेमराज म्हणाला.

काय बोलावं आता ह्या माणसाले!

बंटी न टीना त्यानं नागपूरवरून आणले होते, मायसाठी. माही सासू लकव्यानं खाटेवर पडली, तर तिच्या मांडीवर काहीतरी जिवंत असावं म्हणून. मी तेव्हा लय कटकट केली, घरात उंदीर कायले पाहिजेत म्हणून. पण तिचा एक हात चालत होता, त्या हातानं ती दिवसभर त्यांच्या पाठी कुरवाळे. नावंबी तिनंच ठेवली. शेवटी शेवटी तिले चावता येईना, तर खेमराज सिरिंजनं पेज देई. एका दुपारी पेज सगळी गालावरून वाहून राहिली, तो पुसून राहिला न "घे माय, घे" म्हणून राहिला. माय केव्हाच गेली होती. मीच मागून ओरडली, "अहो, गेली ना ती!" त्यानं माह्याकडे जसं पाहिलं, ते मी विसरली नाही. तेव्हापासून तो मनातलं बोलला तर ह्या दोघांशीच.

आता टीनाबी खाऊन नाही राहिली. जोडीदार गेला की असं होते, नागपूरचा डॉक्टर फोनवर म्हणाला. ह्यांच्या आतड्यात सारखं गवत पाहिजे, पेज नाही. वाळलेलं गवत दळा, भिजवा, कोमट करा, तोंडाच्या बाजूनं थोडं थोडं द्या. न आजच द्या.

चटणीच्या भांड्यात गवत फिरवलं. मायच्या जुन्या लुगड्यातून गाळलं, तरी काड्या सिरिंजीत अडकल्या. मग ब्लेडनं सिरिंजीचं तोंडच कापलं.

"मायची सिरिंज कापली तू," खेमराज म्हणाला.

"मग काय देवघरात ठेवू? टीनाले टॉवेलात गुंडाळा न मांडीवर घेऊन बसा."

"मी नाही धरत. माह्या हातानं एक गेला."

"धरत नाही म्हणजे? तुमच्याशिवाय कोणाजवळ राहते का ती? बसा म्हणली ना!"

बसला. पिशवी वाजली की टीना शिट्टी मारे, भाजी आली म्हणून. मी मुद्दाम पिशवी वाजवली. काहीच नाही.

आत जाऊन लगदा गरम केला. मनगटावर थेंब टाकला, चटकाच बसला. वाटी थंड पाण्यात ठेवली न तिथंच ओट्यापाशी रडत उभी राहिली. ही गेली तर हा माणूस कोणासाठी घरी येईल? माह्यासाठी तर नाही येत, मले का समजत नाही? रडता रडता लगदा पार थंड झाला.

बाहेरून त्याचा आवाज आला. "अल्का आणून राहिली तुह्यासाठी. तोंडाची कडक आहे, पण वाईट नाही ती."

माह्याबद्दलच सांगून राहिला होता टीनाले. किती दिवसांनी माहं नाव घेतलं होतं त्यानं. थंड तर थंड, मी तशीच वाटी घेऊन धावली.

टॉवेल सरकला होता. टीनाची मान त्याच्या कोपरावरून लोंबत होती. डोळे उघडे, पोट हालत नव्हतं. तो तिच्या कपाळावरून बोट फिरवून राहिला होता.

"आण," तो म्हणाला. "शांत झाली, पाह्य. आता घेईल."

माह्या तोंडात शब्द आला होता. मायच्या वेळचाच.

मी त्याच्यासमोर खाली बसली.

"थांबा जी," मी म्हणली, "गरम आहे अजून." न त्या थंड लगद्यावर फुंकर मारत राहिली.