नवव्या खळग्यात कोणाचं पोट?

डुकरिणीच्या पोटातला गर्भ बाराव्या दिवसाच्या सुमारास एक अचाट गोष्ट करतो. मण्याएवढा गोळा काही तासांत वीतभर दोरा होतो. त्याच्याकडे प्रथिनं कापणारी विकरं असतात, कात्रीच म्हणा. शरीरात दुसरीकडे ठेवला तर तो कुरतडत आत शिरतो, पण आईच्या गर्भाशयाला ओरखडाही काढत नाही. कारण आई पाझरवते तो रस. त्यात कात्री अडवणारं रोधक असतं. ते किती आणि कधी, हे मला हवं होतं. अगदी झोप उडावी इतकं हवं होतं.

त्यासाठी आठ डुकरिणी कापल्या गेल्या. त्यांना वाढवणारे गोठ्यावरचे काका रोज प्रयोगशाळेच्या दारात येऊन विचारायचे, "ताई, काय कळलं?"

त्या दिवशी मी दुधाची बशी उघडली. घट्ट केलेल्या दुधात नऊ खळगे, प्रत्येकात विकर, आणि आठांत एकेकीचं पोट धुतलेलं पाणी. कात्री चालली तर दूध कापलं जाऊन पारदर्शक कडं दिसतं. एकही कडं नव्हतं. आठही ठिकाणी दूध पांढरंशुभ्र!

"अडवलं, काका! आठही जणींनी अडवलं!" मी लहान मुलीसारखी ओरडले.

काकांनी चष्मा पुसून बशी न्याहाळली. "आणि हा नववा? ही कोण?"

"ते नुसतं मिठाचं पाणी. तुलनेसाठी."

"मग त्यात कोणाचं पोट? तेही पांढरंच आहे की."

तिथे तर कात्री अडवणारं काहीच नव्हतं; कडं दिसायलाच हवं होतं. नमुने नासू नयेत म्हणून आम्ही सवयीनं रोधकाची गोळी टाकतो. नवव्यातलं मिठाचं पाणीही धुण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटलीतलंच, आणि तिच्यात मीच ती विरघळवली होती. जे शोधायचं, तेच मी आधी ओतून ठेवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ; बोलणार कोणाला?

"काका, काहीच कळलं नाही. चूक माझी," मी म्हणाले. खूप लाज वाटली.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ढमीच्या वेळी तुम्ही बाटली विसरला होता. मी माझ्याकडचं साधं मिठाचं पाणी दिलं होतं."

ढमी, म्हणजे पहिली डुकरीण! मी धावतच नवी बशी लावली. सकाळी साध्या पाण्याभोवती स्वच्छ कडं होतं. ढमीच्या खळग्याभोवती दूध जसंच्या तसं.

"एकीनं तरी सांगितलं," काका म्हणाले.

"एकीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या गाइड मॅडमना सगळं सांगितलंय. अजून सात लागतील."

आधीच्या वेळी कोणत्या डुकरिणी कापायच्या, त्यांचे नंबर मी चिठ्ठीवर लिहून पाठवले होते. काकांनी खूण करायचा लाल खडू माझ्या हातात ठेवला. "आता चिठ्ठी नको. आत या आणि पाठीवर खूण तुम्हीच करा."

कुंपणाआत ढमीची बहीण आली आणि माझा खिसा हुंगू लागली. तिचं नाक ओलं होतं. मला वाटलं, आता माझी उत्सुकता मरेल. ती मेली नाही.

मी कानामागे तिला खाजवलं आणि खूण केली.