चार वाजताची नोंद

आमचे हे फौजेत पहारेकरी. एकोणीस वर्षं नोकरी झाली, पेन्शनला एकच वर्ष राहिलं, आणि नेमके तेव्हाच कोर्ट मार्शलपुढे उभे राहिले. पहाऱ्यावर दर अर्ध्या तासाने भांडाराभोवती फेरी मारून वहीत ‘सर्व ठीक’ लिहायचं असतं. ह्यांनी चार वाजताची नोंद साडेतीनलाच उरकून टाकली. पावणेचारला भांडाराला आग लागली. धावत जाऊन ह्यांनीच ती विझवली, हात भाजून घेतले. पण वहीत ह्यांच्या वळणदार अक्षरात सगळं ठीक!

असं आगाऊ लिहून सगळेच पहारेकरी मोकळे होतात, हे मला लग्नापासून ठाऊक. सापडले मात्र आमचेच.

मी मागच्या बाकावर बसले होते. नोकरीवरून काढलं तर पेन्शन गेली, सरकारी घर गेलं, सासूबाईंचा लष्करी दवाखानाही गेला.

“बाकीचेही असंच लिहितात का?” न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या ह्यांच्या दोन सोबत्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“नाही साहेब. मीच, आणि एकदाच,” हे शपथेवर म्हणाले.

साहेबांनी निकाल वाचला. दोषी, पण आजवरची नोकरी स्वच्छ, आगही ह्यांनीच विझवली, म्हणून शिक्षा न देता सोडलं. मात्र वर्षभरात दुसरा गुन्हा केला, तर ह्या गुन्ह्याचीही शिक्षा भोगावी लागेल.

मला रडूच फुटलं. पण ह्यांचा चेहरा उतरलेलाच.

“वर्ष काढायचंय अजून,” घरी आल्यावर म्हणाले.

“वर्षभर सरळ वागायला काय धाड भरलीय तुम्हाला?” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहाऱ्यावर गेले. सहाला सुटायचे, ते पाचलाच दारात.

“वहीत सहापर्यंत ‘सर्व ठीक’ भरलेलं होतं,” हे म्हणाले. “सकाळच्या पहारेकऱ्याने लिहून ठेवलेलं. वर म्हणतो, दादा, आमच्यासाठी खोटं बोललात, आता आराम करा. नुसती सही ठोका.”

मेल्याला उपकार फेडायला हेच सुचलं!

“फाडायचं ना ते पान!”

“पान फाडणं हाही गुन्हाच, आणि सही करणं हाही. शेवटी माझ्या जागी दुसऱ्याला उभं करून वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, हे कधीपासून चाललंय?”

“मग?”

“सांगितलं. मी भरती व्हायच्या आधीपासून. आणि कोर्टात खोटं बोललो, तेही सांगितलं. उद्या दहाला बोलावलंय.”

मी चिडून कपाळावर हात मारला. एक वर्ष गप्प बसायचं होतं ह्या माणसाला, एकच वर्ष!

आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, “आज लवकर कसा रे आलास?”

मी डोळ्यांनी खुणावत होते, नका, नका सांगू. पण हे उठले आणि आईला सगळं खरं सांगायला आत गेले.