वेतासाठी फळी

आधीच सांगून ठेवतो, ती बस आणताना मला कुणी विचारलं नव्हतं. दुपारचा जरा डोळा लागला होता, तर फाटकाशी असा काही धडधडाट झाला की मी अनवाणीच बाहेर आलो. बघतो तर शाळेची जुनी पिवळी बस आमच्या शेडच्या तोंडाशी उभी आणि ड्रायव्हरच्या जागेवर आमची सून. तिनं मोठ्या गाडीचं लायसन काढलंय हे मला माहीत होतं, पण म्हटलं हौस असेल, उतरेल चार दिवसांत. माझा सगळा जन्म बसच्या बॉड्या बांधण्यात गेलेला, त्यामुळे गाडीला एक चक्कर मारून मी तोंड सोडलं. खालचा पत्रा कुजलाय, खिडक्या खुळखुळतायत, ही बस नाही, भंगार आहे. तिनं निमूट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडे आणली.

घरात आम्ही दोघंच. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा तीन वर्षांमागे गेला, पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता हातचा गेला. सून आता माहेरची वाट धरणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, माझ्या बहिणीनं तर मनातल्या मनात तिचं सामानही बांधून टाकलं होतं. पण ती गेली नाही. का गेली नाही, हे मी विचारलं नाही. सकाळचा चहा दोन कपांत होत होता, एवढं मला पुरे होतं.

ती वेताच्या खुर्च्या विणते. बैठक फाटलेली, पाठ लोंबणारी खुर्ची तिच्याकडे द्यायची आणि नव्यासारखी घेऊन जायची. हात असा चालतो की बघत राहावं. पण आमच्याकडे आता जो तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. तिचं काम उरलंय ते लांबलांबच्या गावांत, जुन्या हॉटेलांत, वाचनालयांत, वकिलांच्या कचेऱ्यांत. तिथून खुर्च्या ट्रकनं यायच्या आणि परत जायच्या, त्यात निम्म्यांचे पाय मोडायचे. तेव्हा तिनं डोकं चालवलं. खुर्च्यांनी आपल्याकडे येण्यापेक्षा आपणच त्यांच्याकडे जायचं. बसमध्ये पुढे घर आणि मागे माल. काम असेल तिथे मुक्काम, संपलं की पुढचं गाव.

हे ऐकलं आणि मी मनात मांडे खायला लागलो. ती विणणार, मी मोडके पाय बसवणार, ती गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून चुका काढणार. मला कुणी चल म्हटलं नव्हतं हे खरं. पण घरच्या माणसाला कुणी निमंत्रण देतं का?

कुठल्याही बॉडीला हात लावण्याआधी मी ती शेडच्या जमिनीवर खडूनं आखतो, पुऱ्या मापाची. मग त्या रेघांमध्ये चालून बघायचं, वाकायचं, बसायचं, दार उघडल्यासारखं करायचं. कागदावर सगळं मावतं, गुडघे कुठे आपटणार ते जमिनीवरच कळतं. मी तिला खडू दिला आणि म्हटलं, आख तुझं घर. तिनं पायरी आखली, शेगडीचा ओटा आखला, मोरी आखली, पलंग आखला, मग आडवी भिंत आणि तिच्या मागे माल. मी पुढून मागे गेलो, मागून पुढे आलो. पलंग एकच होता.

विसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तोंडानं विचारायला काय झालं होतं, असं कुणीही म्हणेल. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? मला तिच्याबरोबर जायचं होतं. तिच्यामागे त्या घरात एकटं राहायची मला भीती वाटत होती. लपवण्यासारखं काय आहे त्यात, सत्तरीतही माणसाला भीती वाटते. म्हणून मी मूग गिळून बसलो आणि कामाला लागलो.

आधी बाकं काढली. बोल्ट इतके गंजलेले की पाना फिरेना, शेवटी ग्राइंडरनं कापले. बाकांखाली काय काय निघालं! पेन्सिलींचे तुकडे, दगड झालेलं च्युइंगगम, एकाच पायाचा बूट. सून तो बूट हातात घेऊन किती वेळ उभी होती, घरी गेल्यावर त्या पोरानं काय थाप मारली असेल म्हणत होती. एक दुहेरी बाक तिनं जेवायला बसण्यासाठी ठेवून घेतलं. कुजका पत्रा काढून नवा बसवला, वर प्लायवुड टाकलं. मागचं इमर्जन्सीचं दार मालासाठी तयारच मिळालं. पाण्याच्या टाकीवरून आमचं चांगलंच वाजलं. तिला टाकी ओट्याखाली हवी होती, मी म्हणत होतो एकाच अंगाला एवढं वजन टाकलंस तर गाडी जन्मभर लंगडत चालेल. खिडक्यांवरूनही वाजलं. मालाच्या भागातल्या खिडक्या मी पत्र्यानं बंद केल्या, तर तिनं घरातली एकही बंद करू दिली नाही. मुलगा गेल्यापासून मी इतका सुखात नव्हतो. सकाळी उठलं की आज काय करायचं ते माहीत असायचं आणि वाद घालायला माणूस असायचं.

मध्येच एकदा माझी बहीण आली. बाकावर टेकली आणि सुरू झाली. एकटी बाईमाणूस, परके रस्ते, लोक काय म्हणतील, तू अडवत कसा नाहीस. मी म्हटलं, ती काय दावणीची गाय आहे अडवायला? मग तिनं ठेवणीतलं काढलं, की ती गेल्यावर तुझं कोण बघणार. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, मी मागे राहणार आहे असं तुला कुणी सांगितलं? बसमध्ये सुनेचं ड्रिल चालू होतं, ते थांबलं. बहीण निघून गेली तरी ते पुन्हा सुरू झालं नाही. मी काय समजायचं ते समजलो, म्हणजे माझ्या सोयीचं.

दुसऱ्या दिवशी मी फळीचा विषय काढला. म्हटलं, वेत मालाच्या भागात ठेवू नकोस, धूळ बसेल. घरातच पलंगासमोर एक लांब फळी करू, वेत सरळ ठेवायला. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आता वेत येतो वेटोळ्यांत. हे तिला माहीत, मला माहीत, बाजारात उभ्या असलेल्या कुणालाही माहीत. तरी मी फळी केली. माझ्या उंचीपेक्षा चार बोटं लांब आणि खांदे टेकतील एवढी रुंद. रंधा मारून कड गोल केली, वेताला टोचू नये म्हणून. वर फोम टाकला, वेताला रग लागू नये म्हणून, आणि फोमवर जुन्या बाकांचं चांगलं राहिलेलं रेक्झिन चढवलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एका टोकाला भिंतीवर छोटा दिवा बसवला.

ती आली, फळीवरून हात फिरवला, काम सुरेख झालंय म्हणाली. मग दिवा कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, अंधारात वेत निवडायला बरा. एरवी असल्या उत्तरावर तिनं माझी टर उडवली असती. तिनं फक्त मान हलवली आणि घरात गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली, एक कप मला दिला आणि बसच्या पायरीवर बसली.

"बाबा, ही फळी तुमच्यासाठी आहे ना?" तिनं विचारलं.

मी चहावरची साय बोटानं काढली.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "मी हे आधीच बोलायला हवं होतं, धीर झाला नाही. माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला कधी उणं पडू दिलं नाहीत. पण तुम्ही समोर असलात की मी सून असते. उठल्यापासून निजेपर्यंत. मला आता कुणाची कुणी न होता राहून बघायचंय."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. "आणि मला इथे मरायला टाकून जाणार?"

"तुम्हाला तसं वाटेल, माहीत आहे मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "तरी सांगतेय."

मी कप तिथेच ठेवला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेडकडे फिरकलो नाही. काय काय मनात आलं! बस मी तयार केली, पत्रा मी बदलला, आणि मीच नको. तिला सून म्हणून मी कधी राबवलं का, कधी आवाज चढवला का? टाकीवरून चढवला तो सोडून. मुलाचं नावसुद्धा मी तिच्यासमोर जपून घेत होतो. मग माझं असं कोणतं ओझं होतं तिला? मी जेवलोही नाही. तिनं ताट वाढून झाकून ठेवलं आणि काही बोलली नाही, त्याचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रंग आणायला गेली, तेव्हा मी शेडमध्ये गेलो. खरं तर दिवा काढून आणायला गेलो होतो. माझा दिवा आहे, तिच्या वेताला काय करायचाय, अशा तिरीमिरीत. बसमध्ये चढलो आणि फळीवर बसलो. बसल्यावर वाटलं, एवढी केलीय तर एकदा आडवं तरी व्हावं. आडवा झालो. बेतशीर झाली होती, पाय नीट मावत होते. कुशीवर वळलो, तर समोर तिचा पलंग. मध्ये हात लांबवला तर टेकेल एवढंच अंतर. खडूच्या रेघांमध्ये मी पन्नास वेळा चाललो होतो, पण या जागी निजून कधी बघितलं नव्हतं.

मी तिचा पलंग बघत राहिलो आणि एकेक गोष्ट सुचायला लागली. कपडे बदलायचे तर ती कुठे जाणार? त्या मोरीत, जिथे कोपर वळत नाही. रात्री झोप लागली नाही तर दिवा लावणार नाही, म्हातारा जागा होईल म्हणून. उन्हाळ्यात दार उघडं टाकून लोळावंसं वाटलं तरी लोळणार नाही. मग लक्षात आलं की हे बसमधलं नाहीच. हे आमच्या घरातलं आहे. मी जेवल्याशिवाय ती जेवत नाही. मी दुपारी पडलो की रेडिओ बंद होतो. मैत्रिणीचा फोन आला की ती फाटकाबाहेर जाऊन बोलते, आणि तिचं हसणं मला ऐकू येतं ते रस्त्यावरून. तीन वर्षं. मी तिला काही म्हटलं नव्हतं, म्हणून मला वाटत होतं की तिला काही त्रास नाही. माझ्याच घरात ती तीन वर्षं पाहुण्यासारखी वागत होती आणि मी चहाचे कप मोजत बसलो होतो.

मी उठलो. रेक्झिन उसवलं, फोम बाजूला केला, फळी भिंतीवरून सोडवली. वेटोळं मावेल एवढं माप घेतलं, पेन्सिलनं रेघ मारली आणि करवत घेतली.

निम्म्याच्या पुढे आलो असेन तेव्हा ती रंगाचे डबे घेऊन आली. दारातच थांबली. करवत, उसवलेलं रेक्झिन, माझा अवतार, सगळं तिनं बघितलं. डबे खाली ठेवले आणि काही न विचारता फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. शेवटी शेवटी वजनानं लाकूड फाटतं, ते धरावं लागतं.

"तुमचं कसं होईल, बाबा?" तिनं विचारलं.

"व्हायचं तसं होईल. पहिले दिवस वाईट जातील," मी म्हणालो. "तुला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला बोलू?"

ती रडायला लागली, पण फळी सोडली नाही.

"आणि सणासुदीला, त्याच्या तिथीला, सून म्हणून येऊ नकोस," मी म्हणालो. "या बाजूला आलीस आणि भेटावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर पुढे जा. मी दारात बसून हिशेब करणार नाही."

"वाटेल," ती म्हणाली.

"ते तेव्हा बघू. आता हात स्थिर ठेव."

मलाही नीट दिसत नव्हतं, म्हणून मी रेघेवर बोट टेकवून करवत चालवली. तुकडा सुटला आणि तिच्या हातात गेला. उरलेली फळी आम्ही दोघांनी मिळून भिंतीला बसवली.