तो तेवढा माझा

टेपवाल्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि टेप मशीनचं हेड तिसऱ्यांदा पुसलं. दोनदा पुसून ते लख्ख झालंच होतं, पण हातांना काहीतरी चाळा हवा होता. खिशात घडी घातलेला कागद होता. आठवडाभर आरशासमोर उभं राहून त्यांनी तो पाठ केला होता. आज अकरा वाजता, चांगल्या चाळीस माणसांसमोर, ते एकदाचं सांगून टाकणार होते.

सांगायचं होतं एवढंसंच. चाळीस वर्षांपूर्वी याच स्टुडिओत चार पोरांच्या एका रॉक बँडनं एक गाणं एका दमात रेकॉर्ड केलं. शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि त्या शांततेत कुणीतरी दोनदा खोकतं. मग गायक शेवटची ओळ म्हणतो, थरथरत्या आवाजात. रेकॉर्ड निघाली तेव्हा तिला कुत्र्यानंही विचारलं नाही. वर्षभरात गायक छातीच्या दुखण्यानं गेला, आणि मग काय विचारता! जो उठला तो त्या खोकल्यावर लिहायला लागला. म्हणे मरणाची चाहूल. आता दर वर्षी त्या तारखेला चाहते इथं जमतात, गाणं लावतात आणि त्या जागी सगळे मिळून खोकतात.

आणि तो खोकला होता टेपवाल्यांचा!

तेव्हा ते इथं हरकाम्या होते. माइकचा स्टँड सारखा खाली घसरायचा, म्हणून गायकाच्या पायाशी उकिडवं बसून त्यांनी तो गाणंभर धरून ठेवला. सर्दीनं घसा खवखवत होता. साडेतीन मिनिटं त्यांनी कळ काढली, आणि नेमक्या त्या शांततेत खोकला सुटला. बाकीचे तिघे काचेपलीकडे होते, त्यांना वाटलं गायकच खोकला. नंतर टेपवाले ब्लेड घेऊन टेपचा तेवढा तुकडा कापायला निघाले, तर गायकानं हात धरला. "राहू दे रे. तूही राहा की गाण्यात."

कव्हरवर त्यांचं नाव नव्हतं. ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती, आणि तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. घरात कितीही खोकलं तरी "पाणी घ्या" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. हे जुनं मशीन चालवता येणारे ते शेवटचे, म्हणून यंदा रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं आणि दोन शब्द बोलायलाही सांगितलं. अशी वेळ पुन्हा कुठली यायला!

दार लोटून एक बाई आत आली. चाळिशीला टेकलेली असावी.

"काका, लवकर आले तर चालेल ना? मी त्यांची मुलगी."

कुणाची, हे विचारावं लागलं नाही. हनुवटी थेट बापाची होती.

"ये ना, बस. अजून कुणीच आलेलं नाही."

"म्हणूनच आले. एकदा मला एकटीला ऐकवाल? दर वर्षी सगळे खोकतात हो, त्यात त्यांचा ऐकूच येत नाही."

"त्यांचा?"

"खोकला." ती ओशाळून हसली. "ते गेले तेव्हा मी चार महिन्यांची होते. गाणी काय, सगळ्या जगाची आहेत. पण ते हाक कशी मारायचे, शिंकायचे कसे, मला काही माहीत नाही. तेव्हा मुलाखत घ्यायलाही कुणी फिरकलं नाही. घरातल्या माणसासारखा आवाज म्हणाल, तर हा एवढाच. तो तेवढा माझा."

टेपवाल्यांनी रीळ चढवलं. टेप हेडवरून ओवताना बोटं दोनदा चुकली. गाणं सुरू झालं. ती डोळे मिटून बसली. खोकला आला तेव्हा तिनं मांडीवरची मूठ आवळली, जणू हातातलं काही पडेल.

"शेवटच्या ओळीत रडतायत ना ते?" तिनं विचारलं.

"छे गं! हसू दाबतायत."

"काहीतरीच."

"मी समोर होतो ना. थांब, पुन्हा ऐक."

त्यांनी टेप मागे नेली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. ओळ संपता संपता तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"अय्या, खरंच की! पण हसायला काय झालं होतं?"

खिशातला कागद टेपवाल्यांना छातीवर टोचला. आठवडाभर घोकलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं.

"मी खाली उकिडवा बसून स्टँड धरला होता," ते म्हणाले. "पायाला मुंग्या आल्या आणि मी धपकन बसलो. ते बघून."

"स्वतः खोकत असताना?"

"हो ना. तसाच होता तो."

अकरा वाजता खोली भरली. गाणं लागलं, वाद्यं थांबली आणि चाळीस माणसं एका सुरात खोकली. सकाळपासून स्पिरिटच्या वासानं टेपवाल्यांचा घसा नुसता खवखवत होता, तरी ते ओठ घट्ट मिटून उभे राहिले. शेवटच्या ओळीला लोकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत एक बाई तेवढी हसत होती.

मग कंपनीच्या माणसानं माइक त्यांच्यापुढे धरला.

"मशीन अजून चालतंय," टेपवाले म्हणाले. "एवढंच."

टाळ्या पडल्या. मुलगी जाताना हात हलवून गेली. तिची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते खिडकीतून बघत राहिले. मग टेप उलटी गुंडाळायला बसले, तर एक दाढीवाला चाहता जवळ आला.

"काका, तुम्ही खोकलाच नाहीत! मी बघत होतो. इथली रीत आहे ती."

"मला नाही जमत."

"न जमायला काय झालं? दोनदा, कोरडा. करून तर बघा."

टेपवाल्यांनी तोंड उघडलं मात्र, सकाळपासून दाबलेला खोकला बाहेर आला. दोनदा. कोरडा.

दाढीवाल्यानं मान हलवली.

"नाही, असा नाही काका. त्यात दुःख पाहिजे."

"बरं," टेपवाले म्हणाले. "पुढच्या वर्षापर्यंत शिकतो."